धुरा, दप्तर आणि डिस्क

ऑगस्ट 1905 मध्ये वऱ्हाडातील एलिचपूर हा जिल्हा नकाशावरून नाहीसा झाला. सहा जिल्ह्यांच्या वऱ्हाडाची त्या वर्षी चार जिल्ह्यांत फेरमांडणी झाली; एलिचपूर, दर्यापूर आणि मेळघाट हे तिन्ही तालुके अमरावतीला जोडले गेले, अमरावतीचा मूर्तिजापूर तालुका अकोल्याकडे गेला आणि वाशीम जिल्हाही मोडला. बुडालेल्या एलिचपूर जिल्ह्याचे क्षेत्र 2,605 चौरस मैल होते, 1901 च्या शिरगणतीनुसार त्याची लोकसंख्या 2,97,403 होती, आणि त्याच्या प्रमुख सरकारी इमारती एलिचपूर शहरात, म्हणजे आजच्या अचलपुरात नव्हे, तर तेथून दोन मैलांवरील परतवाडा या सिव्हिल स्टेशनात होत्या. या उलथापालथीत एकाही शेताचा धुरा हलला नाही. दोन शेतांमधील हद्दीच्या न नांगरलेल्या पट्ट्याला वऱ्हाडात धुरा म्हणतात. तो होता तेथेच राहिला, त्याच्या दोन्ही अंगांना तीच कपाशी आणि तीच ज्वारी उभी राहिली, आणि बदलले ते इतकेच की त्या शेताची नोंद यापुढे कोणत्या जिल्ह्याच्या दप्तरात शोधायची.

जागा वेगळी आणि जागेची नोंद वेगळी, हा भेद महसुली दप्तराला जितका जुना आहे तितकाच तो संगणकाच्या साठवणुकीच्या मुळाशी आहे, आणि आभासी सर्व्हरची डिस्क वाढवण्याच्या आजच्या रूढ रीतीचा इतिहास या भेदावाचून समजत नाही. एका मोठ्या खऱ्या यंत्राच्या पोटात सॉफ्टवेअरच्या साहाय्याने अनेक स्वतंत्र यंत्रे असल्याचा भास निर्माण केला जातो. अशा प्रत्येक भासमान यंत्राला आभासी सर्व्हर म्हणतात, आणि त्याला जी डिस्क मिळते तीही मोठ्या साठवणीतून आखून दिलेला एक वाटाच असतो. त्या डिस्कच्या आत पार्टिशन, म्हणजे आखलेले विभाग असतात, आणि प्रत्येक विभागाच्या आत फाइल सिस्टिम असते, म्हणजे कोणती फाइल कोणकोणत्या ठोकळ्यांत ठेवली आहे व कोणते ठोकळे रिकामे आहेत याची वही. डिस्क मोठी केल्याने पार्टिशन मोठे होत नाही, आणि पार्टिशन मोठे केल्याने वहीला त्याचा पत्ता लागत नाही. हे तीन थर तीन वेगवेगळ्या हातांनी, ठरावीक क्रमाने वाढवावे लागतात.

वऱ्हाडातील नोंदींचे असेच थर कसे तयार झाले हे पाहण्यासाठी परतवाड्याकडे परत जावे लागते. हे गाव मुळात छावणीमुळे वाढले. 1853 च्या तहाने निजामाने हैदराबाद कंटिंजंट या फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड ब्रिटिशांच्या कारभाराकडे सोपवले, त्या फौजेची एक छावणी एलिचपूरजवळ होती, आणि तिच्या आधाराने सरकारी वस्ती व बाजार उभे राहिले. पुढे मेळघाटच्या सागवानाचा व्यापार आणि 1913 मध्ये मूर्तिजापूरहून अचलपूरला आलेली अरुंद मापाची रेल्वे यांनी या भागाच्या व्यवहारात भर घातली. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने मात्र महत्त्वाचे आहे ते छावणीपाठोपाठ आलेले मोजणीचे काम. गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी 1835 च्या सुमारास इंदापुरात घडवलेली, आणि 1847 च्या संयुक्त अहवालाने पक्की झालेली मुंबई पद्धतीची मोजणी 1861 पासून वऱ्हाडात लागू होऊ लागली.

या पद्धतीचे एकक साखळी होते. साखळीची लांबी 33 फूट, साखळीचा चौरस म्हणजे 1,089 चौरस फुटांचा एक गुंठा, आणि 40 गुंठ्यांचा एकर. फाइल सिस्टिमही जागा अशाच एकसारख्या एककांत मोजते. डिस्कचे जुने एकक 512 बाइटांचा सेक्टर, आणि त्यावर फाइल सिस्टिमने ठरवलेला, बहुधा 4,096 बाइटांचा ठोकळा. महाराष्ट्रात एकर-गुंठ्यांच्या जागी हेक्टर-आर आले तेव्हा जुन्या आकड्यांचे नव्यांत रूपांतर करताना जी कटकट झाली, तिचीच आवृत्ती 2010 नंतर डिस्कनिर्मात्यांनी सेक्टर 512 वरून 4,096 बाइटांवर नेला तेव्हा संगणकाच्या जगाने अनुभवली. जुन्या मापाने आखलेल्या पार्टिशनांच्या कडा नव्या मापाशी जुळेनात, आणि एका ठोकळ्याच्या लिखाणासाठी यंत्राला दोन ठोकळे उघडावे लागू लागले.

मोजणीतून निर्माण झालेल्या कागदांचे थर ध्यानात घेतले पाहिजेत. सर्वांत खाली प्रत्यक्ष जमीन आणि तिच्यावर रोवलेले हद्दीचे दगड. त्यावर आकारबंद, म्हणजे गावातील प्रत्येक सर्व्हे नंबरचे क्षेत्र व त्यावरील शेतसाऱ्याचा आकार यांची यादी, जी भूमी अभिलेख खात्याच्या ताब्यात असते. त्यावर गावाच्या पातळीवरचे हक्कांचे व पिकांचे नमुने, ज्यांतील सातवा आणि बारावा मिळून लोकांच्या तोंडी सात-बारा झाला. शेताची वाटणी झाली की आधी मोजणी, मग फाळणी नकाशा, मग आकारफोड, म्हणजे जुन्या आकाराची नव्या पोटहिश्श्यांत विभागणी, आणि मग आकारबंदात बदल करणारे कमी-जास्त पत्रक तयार होते. तलाठ्याच्या, म्हणजे वऱ्हाडातल्या जुन्या बोलीत पटवाऱ्याच्या, वहीत त्याचा अंमल सर्वांत शेवटी होतो. हा क्रम उलटला, म्हणजे दगड न हलवता किंवा आकारबंद न दुरुस्त करता वहीतच क्षेत्र वाढवले, तर सात-बाऱ्यावरील क्षेत्राची बेरीज आकारबंदाशी जुळत नाही, आणि असा बेमेळ हे महाराष्ट्रातील भूमी अभिलेखांचे जुने दुखणे आहे.

कमी-जास्त पत्रक हा शब्द संगणकशास्त्राने उचलायला हवा होता. पार्टिशनची हद्द पुढे सरकवणारी आज्ञा नेमके तेच करते, म्हणजे यादीतला एक आकडा खोडून त्या जागी दुसरा लिहिते, आणि आतल्या एकाही फाइलला हात लावत नाही.

साठवणीचे इतके थर आरंभी नव्हते. 1956 मध्ये आयबीएमने बाजारात आणलेल्या रॅमॅक यंत्रात 24 इंच व्यासाच्या 50 तबकड्या मिळून 50 लाख अक्षरे मावत, आणि ती जागा वाढवायची म्हणजे दुसरे यंत्र आणायचे. एका खऱ्या यंत्रातून अनेक आभासी यंत्रे काढण्याचा प्रयोग आयबीएमच्याच केंब्रिज येथील केंद्रात 1960 च्या दशकात झाला आणि 1972 मध्ये व्हीएम/370 या नावाने तो गिऱ्हाइकांपुढे आला. त्यात प्रत्येक आभासी यंत्राला मिनिडिस्क दिली जाई, म्हणजे खऱ्या डिस्कवरील सलग सिलिंडरांचा एक पट्टा. सलग या शब्दात सगळी अडचण होती. पट्ट्याच्या पुढचा सिलिंडर दुसऱ्याच्या वाट्याचा असेल तर धुरा सरकवायला जागाच नसे. मग दुसरीकडे मोठा पट्टा आखायचा, सगळा मजकूर तिकडे नकलून न्यायचा आणि जुना पट्टा मोकळा करायचा, हाच मार्ग उरे. साधे शेत विकून दुसरीकडे मोठे शेत घेण्यासारखा हा व्यवहार होता, आणि त्याच्या खर्चामुळे जागा आधीच जास्त मागून ठेवण्याची खोड त्या काळच्या संगणक विभागांना लागली.

1983 मध्ये आयबीएमच्या पीसी एक्सटी या यंत्राबरोबर 10 मेगाबाइटची हार्ड डिस्क घरगुती व कार्यालयीन वापरात आली, आणि डिस्कच्या अगदी पहिल्या सेक्टरात चार ओळींची पार्टिशनांची यादी लिहिण्याची रीत रूढ झाली. त्या यादीत हद्द लिहिण्यासाठी 32 बिटांची जागा होती, त्यामुळे 512 बाइटांच्या हिशेबाने कोणत्याही पार्टिशनची हद्द सुमारे 2.2 टेराबाइटांपलीकडे नोंदवताच येत नव्हती. ज्यांनी 10 मेगाबाइटसाठी ही यादी आखली त्यांना ती दोन लाख पटींच्या वाढीनंतर अपुरी पडेल असे वाटण्याचे कारण नव्हते, आणि तरी ती पडली. 1990 च्या दशकाच्या अखेरीस इंटेलने आखलेल्या नव्या, जीपीटी या नावाच्या यादीने ही मर्यादा काढली आणि त्याबरोबर महसूल खात्याला सहज पटावी अशी एक व्यवस्था केली, ती अशी की यादीची एक प्रत डिस्कच्या आरंभी आणि दुसरी डिस्कच्या अगदी शेवटी ठेवायची. मात्र डिस्क मोठी केली की पूर्वी शेवटी असलेली प्रत अचानक मध्यावर येते, आणि ती नव्या टोकाला नेऊन ठेवल्याशिवाय पुढची जागा नीट वापरता येत नाही. आभासी सर्व्हर सांभाळणाऱ्यांना डिस्क वाढवल्यावर जी पहिली तक्रार पडद्यावर दिसते ती बहुधा हीच असते.

सलगतेच्या बेडीतून खरी सुटका पार्टिशनांच्या यादीने नव्हे, तर यादी आणि फाइल सिस्टिम यांच्या मध्ये आणखी एक थर घालून झाली. 1990 मध्ये आयबीएमच्या एआयएक्स प्रणालीत लॉजिकल व्हॉल्यूम मॅनेजर आला आणि 1998 मध्ये हाइन्ट्स माउएल्सहागन यांनी तशी व्यवस्था लिनक्ससाठी लिहिली. या पद्धतीत खऱ्या डिस्का एका गटात टाकल्या जातात, त्यांचे सारख्या मापाचे तुकडे पाडले जातात, लिनक्समध्ये सामान्यतः 4 मेगाबाइटचा एक, आणि हे तुकडे कोणत्याही डिस्कवरून, कोणत्याही क्रमाने उचलून एक सलग दिसणारा विभाग बनवला जातो. शेजारचे शेत दुसऱ्याचे असले तरी बिघडत नाही, कारण खातेदाराच्या खात्यात गावाच्या चार दिशांना असलेले तुकडे एकत्र मांडता येतात. आठ-अ चा उतारा, म्हणजे एका खातेदाराच्या सगळ्या जमिनींची एकत्र यादी, हेच काम करतो. परतवाडा आणि अचलपूर ही दोन वेगळी गावे एकाच नगरपरिषदेच्या कारभाराखाली नांदतात, हेही त्याच जातीचे उदाहरण म्हणता येईल, जरी पाणी आणि रस्त्यांच्या वाटणीचे वाद डिस्कांना होत नसले तरी.

यानंतर उरला तो फाइल सिस्टिमच्या वहीचा प्रश्न. यंत्र चालू असताना, फाइली उघड्या असताना वही मोठी करायची, ही गोष्ट दीर्घकाळ धोक्याची समजली जाई. आधी विभाग वापरातून काढायचा, तपासायचा आणि मगच वाढवायचा, असा नियम होता. लिनक्सच्या एक्सटी-3 या फाइल सिस्टिमला चालू अवस्थेत वाढवण्याची सोय मुख्य प्रवाहात आली ती लिनक्सच्याच डिसेंबर 2004 च्या 2.6.10 या आवृत्तीत. त्यामागची युक्ती दप्तरातल्या कारकुनाला नवी वाटणार नाही. फाइल सिस्टिम पहिल्यांदा तयार करतानाच तिच्या अनुक्रमणिकेसाठी काही कोरी पाने राखून ठेवली जातात, सामान्यतः मूळ आकाराच्या 1,024 पट वाढीला पुरतील इतकी, आणि वाढ होते तेव्हा नवी वही न बांधता त्याच कोऱ्या पानांवर पुढच्या गटांचे पत्ते चढवले जातात. एसजीआय या कंपनीने 1990 च्या दशकात आपल्या यंत्रांसाठी घडवलेली एक्सएफएस ही फाइल सिस्टिम तर जन्मापासून वाढण्यासाठीच होती. 2014 मध्ये रेड हॅट या कंपनीच्या लिनक्सच्या सातव्या आवृत्तीने ती ठरावीक निवड म्हणून स्वीकारली, आणि त्या निवडीबरोबर अनेकांच्या गळ्यात एक गोष्ट पडली, ती ही की एक्सएफएस वाढवता येते पण व्यवहारात लहान करता येत नाही.

वाढ आणि घट यांच्यातील ही विषमता केवळ तांत्रिक नाही. वाढवताना खालून वर जायचे, म्हणजे आधी डिस्क, मग पार्टिशन, मग फाइल सिस्टिम. घटवताना वरून खाली यायचे, म्हणजे आधी वही आखडायची, कडेच्या ठोकळ्यांतला मजकूर आत ओढायचा, मग हद्द मागे घ्यायची आणि शेवटी डिस्क. वाढवताना क्रम चुकला तर आज्ञा नाकारली जाते, एवढेच नुकसान. घटवताना क्रम चुकला तर वहीत नोंद असलेली पाने धुऱ्याबाहेर पडतात आणि परत मिळत नाहीत.

वऱ्हाडाच्या दप्तराकडे पुन्हा वळले तर असे दिसते की तेथे क्षेत्र वाढण्याचा प्रश्न नव्हता, वाढल्या त्या नोंदी. कारभार बदलत गेला तसे नमुने बदलले. 1896 चा आणि नंतर 1928 चा वऱ्हाड जमीन महसूल कायदा, 1954 चा मध्य प्रदेश जमीन महसूल कायदा, 1 नोव्हेंबर 1956 ला विदर्भाचे द्विभाषिक मुंबई राज्यात जाणे, 1 मे 1960 ला महाराष्ट्र, आणि 1966 ची महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, या प्रत्येक टप्प्यावर नवी वही उघडली गेली आणि जुनी जपून ठेवावी लागली. म्हणून हक्कनोंदणी, अधिकार अभिलेख पंजी आणि जन्म-मृत्यूच्या नोंदींचे कोतवाल बुक अशी नावे विदर्भात आजही नकला काढताना ऐकू येतात. जमीन तेवढीच, पण वाटण्यांनी पोटहिस्से वाढले आणि पोटहिश्श्यागणिक पाने वाढली. संगणकाच्या भाषेत हा प्रकार आयनोड संपण्याचा आहे; आयनोड म्हणजे प्रत्येक फाइलमागे वहीत लागणारी एक ओळ, आणि लहानलहान फाइली अतोनात झाल्या की डिस्कवर जागा शिल्लक असूनही ओळी संपतात व यंत्र जागा नाही असे सांगू लागते.

कागदाच्या दप्तराने या वाढीवर आपला तोडगा काढला होता. महाराष्ट्रातील शासकीय कार्यालयांत रूढ असलेली सहा गठ्ठा पद्धत ही एक पूर्ण फाइल सिस्टिम आहे. चालू कामाचे, प्रतीक्षाधीन, नियतकालिकांचे, स्थायी आदेशांचे, अभिलेख कक्षात पाठवायचे आणि नष्ट करायचे, असे कागदांचे सहा गठ्ठे बांधले जातात. अभिलेख कक्षात गेलेल्या कागदाला वर्ग मिळतो. अ वर्ग कायमचा, ब वर्ग 30 वर्षांचा, क वर्ग 10 वर्षांचा आणि ड वर्ग जेमतेम वर्षाचा. खोली भरली की पहिला उपाय नवी खोली हा नसे, ड वर्ग जाळणे हा असे. संगणकाने ही शिस्त मोडली. जागा मागितली की मिळू लागली, तेव्हा काय टाकायचे हे ठरवण्याची निकड गेली, आणि साठवण वाढवण्याच्या इतक्या सोप्या रीतींचा हा सर्वांत कमी चर्चिलेला परिणाम असावा.

भूमी अभिलेखांच्या संगणकीकरणाची केंद्रीय योजना 1988-89 मध्ये सुरू झाली आणि 2008 मध्ये तिला राष्ट्रीय भूमी अभिलेख आधुनिकीकरण कार्यक्रमाचे रूप मिळाले. आरंभीची यंत्रे तालुक्यातालुक्यांत होती. पुढे ई-फेरफार प्रणालीसोबत नोंदी राज्याच्या मध्यवर्ती सर्व्हरांवर एकवटल्या, 1 मे 2018 पासून डिजिटल स्वाक्षरीचा सात-बारा मिळू लागला, आणि त्याच वर्षी जानेवारीत राज्य शासनाने सार्वजनिक क्लाउडविषयीचे आपले धोरण जाहीर केले. जुन्या कागदांच्या प्रतिमा ऑनलाइन देण्याचे काम ज्या सात जिल्ह्यांपासून सुरू झाले त्यांत अकोला आणि अमरावती हे दोन्ही होते.

प्रतिमा आणि मजकूर यांच्या वजनातला फरक येथे मोजून पाहण्यासारखा आहे. दोन हजार देवनागरी अक्षरचिन्हांचा उतारा युनिकोडमध्ये प्रत्येकी तीन बाइट धरून सहा हजार बाइटांत बसतो. तोच कागद ए-4 मापाचा धरून इंचाला 300 ठिपक्यांनी करड्या छटेत टिपला तर 2,480 गुणिले 3,508, म्हणजे सुमारे 87 लाख बाइट लागतात. दाबून लहान करण्यापूर्वी अशी एक लाख पाने 870 गिगाबाइट व्यापतात, आणि अडीच लाखांच्या थोडे पुढे गेल्यावर 1983 च्या चार ओळींच्या यादीची 2.2 टेराबाइटांची हद्द लागते. नोंदींचा सर्व्हर वर्षानुवर्षे एका मापावर चालू शकतो, प्रतिमांचा चालू शकत नाही. त्याला वाढत राहावेच लागते.

ही वाढ क्लाउडमध्ये आज ज्या रीतीने होते तीही अलीकडची आहे. ॲमेझॉनने ऑगस्ट 2008 मध्ये आभासी सर्व्हरांना जोडता येणाऱ्या डिस्का देऊ केल्या तेव्हा त्या वाढवण्याचा मार्ग म्हणजे डिस्कची स्नॅपशॉट ही नक्कल घ्यायची, त्या नकलेतून मोठी डिस्क बनवायची आणि सर्व्हर थांबवून ती जोडायची, म्हणजे मिनिडिस्कच्या काळाचीच रीत. चालू सर्व्हरची डिस्क जागच्या जागी वाढवण्याची सोय फेब्रुवारी 2017 मध्ये आली. तेव्हापासून काम तीन आज्ञांवर आले आहे. क्लाउडच्या पटलावर आकडा वाढवायचा, सर्व्हरच्या आत ग्रोपार्ट या आज्ञेने पार्टिशनची हद्द पुढे न्यायची, आणि रिसाइझ-टू-एफएस किंवा एक्सएफएस-ग्रोएफएस या आज्ञेने वही वाढवायची. नक्कल आधी घेण्याची रीत मात्र जाणत्यांनी सोडलेली नाही. पहिली आज्ञा देऊन थांबणारे नवखे पुष्कळ असतात. पटलावर मोठा आकडा दिसतो, देयकही मोठे येते, आणि सर्व्हर मात्र जागा नाही असेच सांगत राहतो, कारण दगड पुढे रोवले गेले पण आकारबंद आणि सात-बारा जुनेच राहिले.

साठवण देणाऱ्यांची एक आणखी रीत आहे, ज्यात डिस्क कागदावर मोठी दिली जाते पण खरी जागा मजकूर लिहिला जाईल तसतशी खर्ची पडते. या रीतीला वऱ्हाडातच एक जुना जोडीदार आहे. मोजणी झालेल्या पठारी तालुक्यांत शेतकरी नंबरच्या पूर्ण क्षेत्राचा सारा भरत असताना मेळघाटात प्रदीर्घ काळ आकारणी नांगराच्या बैलजोडीवर होती, म्हणजे जमीन किती दिली यावर नव्हे तर किती जोती चालली यावर. अशा हिशेबात देणाऱ्याला मोकळीक मिळते, पण सगळ्यांनी एकाच हंगामात सगळी जोती जुंपली तर तितकी जमीन खरोखरच आहे का हा प्रश्न उभा राहतो, आणि साठवणीच्या बाबतीत तो उभा राहतो तेव्हा एकाच वेळी अनेक सर्व्हर थबकतात.

1905 मध्ये मोडलेल्या दोन जिल्ह्यांपैकी वाशीम 1998 मध्ये पुन्हा जिल्हा झाला. अचलपूर जिल्ह्याची मागणी अजून मागणीच आहे. ती मान्य झालीच तर राज्याच्या सर्व्हरवरील जिल्ह्यांच्या यादीत एक ओळ वाढेल, काही तालुक्यांचे संकेतांक बदलतील आणि डिस्कवरचा एकही ठोकळा जागचा हलणार नाही. तोवर ज्या कागदाच्या माथ्यावर जिल्हा एलिचपूर असे लिहिलेले आहे, तो शोधणाऱ्याला आधी जिल्हा अमरावती निवडावा लागतो.